हूं म्हटल्याशिवाय पुढे नाही

बकारामभाऊ दिवसा कथा सांगत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याबद्दलचं बाकी सगळं यातूनच निघतं.

साकोलीला तेव्हा चित्रकलेची एक लहानशी शाळा होती. पोरंपोरी तिथे तीन वर्षं शिकायची आणि मग कुठेतरी ड्रॉइंग मास्तर व्हायची. बाहेरगावची मुलं तिथेच राहायची. त्यांच्या जेवणाचं माझ्याकडे होतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. स्वयंपाकघराच्या पलीकडे शाळेत मला काम नव्हतं आणि नसलेलंच बरं होतं. शाळेचे सर हौशी माणूस. त्यांच्या डोक्यात आलं, की ही पोरं नुसती सुरई आणि केळी काढत बसतात, यांना आपल्या भागातल्या कथा माहीत पाहिजेत. म्हणून दर हिवाळ्यात धानाची मळणी आटोपली की ते कुठून कुठून कलावंत बोलवायचे. कोणी दंडारीत नाचणारा यायचा, कोणी खडीगंमतीतला शाहीर यायचा. आठवडाभर राहायचे, शिकवायचे, जायचे. काही चांगले होते. काही नुसते जेवायला चांगले होते. एकदा येऊन गेलेला माणूस सहसा परत दिसत नसे. बकारामभाऊ मात्र येतच राहिले.

ते मोहाडीकडच्या एका खेड्यातले. तलावाखाली धानाच्या दोन बांध्या होत्या, तेवढ्यावर घर चालायचं. उंच, वाळका माणूस. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर लाल काठाचा दुपट्टा आणि उजव्या कानावर एक बिडी. ती बिडी कथा संपल्याशिवाय पेटत नसे. सोबत त्यांचा साळा लहानू असायचा, खताच्या पोत्यात गुंडाळलेली ढोलकी घेऊन. लहानू बुटका, गोल, बोलायला कमी आणि भाताला जास्त. भाऊंचं ताट वाढताना ते नेहमी म्हणायचे, "बाई, लहानू उपाशी हाये." म्हणजे त्यांना स्वतःला आणखी भात पाहिजे आहे, हे समजायला मला दोन दिवस लागले. लहानूला वेगळं वाढावं लागेच.

पहिल्या वर्षी सरांनी भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं. सकाळी अकराला लोककथा. पोरं कागद-पेन्सिली घेऊन बसली. मी पाहुण्यांचा चहा घेऊन दारात उभी होते. लहानूने ढोलकी कसली, भाऊ मांडी घालून बसले, सर म्हणाले, "करा सुरू." भाऊ काही बोलेनात. सरांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा म्हणतात,

"आता कसं करू जी? ऊन हाये."

"मग?"

"दिवसा कथा सांगतली त मामा वाट चुकते."

पोरं हसली. नागपूरचा एक पोट्टा होता, तोंडाने जरा पुढेच. तो म्हणाला, "माझा मामा रेल्वेत आहे. तो नाही चुकत."

"तुह्या मामाले रूळ हायेत बाप्पा," भाऊ म्हणाले. "माही गोष्ट येगळी. मले बहिनी खूप, गावोगाव भाचे. अन् मी पायी चालनारा मानूस. चुकीन त मीच चुकीन."

त्या दिवसापासून सगळी शाळा त्यांना मामा म्हणू लागली. मी म्हटलं नाही. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि तो एक मामाजी मला जन्माचा पुरला होता. मी भाऊच म्हणायची.

या दिवसाच्या नियमाबद्दल माझं मत वेगळं होतं. लोक दिवसा कथा सांगत बसले असते तर धानाची रोवणी कोणी केली असती? बायामाणसांनी कामाला लागावं म्हणून कोण्या शहाण्याने मामाला मध्ये घातलं असेल. मी भाऊंना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "असंन. पन चुकला त?"

सर हुशार. त्यांनी भांडण केलं नाही. दिवसा भाऊंनी पोरांना चालायला शिकवावं असं ठरलं. चालायला म्हणजे वाघ कसा चालतो, सासरहून पळालेली सून कशी चालते, कर्ज मागायला निघालेला पाटील कसा चालतो. भाऊ चालून दाखवायचे, लहानू ढोलकीवर त्या त्या चालीचा ठेका धरायचा आणि पोरं कागदावर ते पकडायची. आणि कथा दिवाबत्तीच्या वेळेला, स्वयंपाकघराच्या ओसरीत. हिवाळ्यात ऊब तिथेच होती. म्हणून मी या सगळ्यात सापडले. नाहीतर मला कथांची काय पडली होती? मला वीसेक ताटांची पडली होती.

पहिल्या संध्याकाळी भाऊ बसले, डोळे मिटले, उजव्या हाताचं बोट वर केलं आणि म्हणाले, "आयका जी." मग थांबले. पोरं बघत राहिली. भाऊही थांबून राहिले. थोड्या वेळाने एक डोळा उघडून म्हणाले, "कोनी हाये का नाई?"

"आहोत ना मामा."

"मंग हूं म्हना ना."

पोरं हूं म्हणाली. कथा सुरू झाली. एक म्हातारी रानात एकटी राहते. तिच्या चुलीतला विस्तव कधी विझत नाही. एका थंडीत वाघ तिच्या दारी येतो. कशाला? विस्तव मागायला. पोरं रंगली आणि हूं म्हणायची विसरली. भाऊ तिथल्या तिथे थांबले.

"मामा, पुढे?"

"पुढं कसं जाऊ? कोनी हूं नाई म्हटलं. वाघ थांबून हाये."

"आम्ही ऐकून राहिलो ना."

"मले कसं समजन? पोट्टेहो, कथा काही बैल नोहे, सोडली का आपल्या मनानं गोठ्यात जाईन. तुमी हूं म्हटलं का थे एक पाऊल टाकते. नाई म्हटलं का उभी राहते. आमच्या गावात हूं देनारा नसन त कथाच सांगत नाई."

माझा भात शिजला होता. यांची कथा संपल्याशिवाय ताटं लागणार नव्हती आणि इथे वाघ पाय वर करून उभा. मी आतूनच ओरडले, "हूं! चाला आता पुढं, भात निवून राहिला."

भाऊंनी डोळे न उघडता मान हलवली आणि कथा चालू झाली. पुढच्या थांब्याला पोरं पुन्हा गप्प. मी पुन्हा हूं. झालं. त्या दिवसापासून हूं देणारी मी. कोणी विचारलं नाही, मी होही म्हटलं नाही. तांदूळ निवडता निवडता, पोळ्या लाटता लाटता मी हूं म्हणत असे. कथेत काय चाललंय याकडे माझं अर्धंच लक्ष असे. एकदा मांजर दुधाकडे चाललेलं पाहून मी जोरात "हड!" केलं. भाऊ कथेत म्हणाले, "तवा म्हातारी वाघाले म्हनते, हड! वाघ दोन पावलं मागं सरला." पोरं लोटपोट. तेव्हापासून त्या म्हातारीत मी आहे असं सगळे म्हणायचे. मला काही त्याचं कौतुक नव्हतं. मी वाघाला दोन पावलांवर सोडलं नसतं.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे ऐकताना चित्र काढायचं नाही. "हात चालला का कान झोपते," म्हणायचे. चित्रं दुसऱ्या दिवशी, उजेडात. पहिल्या वर्षी पोरांनी वाघ काढले ते भाऊंनी ओळीने पाहिले. नागपूरवाल्याचा वाघ सगळ्यात झकास होता. छाती पुढे, आयाळ नाही एवढंच, बाकी सिंहच. भाऊ बराच वेळ पाहून म्हणाले,

"हा क्यालेंडरचा वाघ हाये. हा विस्तव मागाले नाई येनार. हा पगार मागाले येईन."

"मग कसा काढू?"

भाऊ उठले आणि चालून दाखवलं. मान खाली, खांदे वर, नजर तिरपी, पाऊल टाकू की नको. मागायला येणारा कसा येतो तसं. मी चूल फुंकता फुंकता पाहिलं आणि मला शेजारणीचा नवरा आठवला, साखर मागायला यायचा तो. पोट्ट्याने मुकाट्याने दुसरा कागद घेतला. तोही काही कमी नव्हता. म्हणाला, "मामा, तुम्हीच काढून दाखवा ना." भाऊंनी मोठ्या ऐटीत पेन्सिल घेतली, जीभ बाहेर काढून बराच वेळ काहीतरी केलं. कागद फिरवला तेव्हा सगळ्यांना बकरी दिसली. लहानू, जो कधी बोलत नसे, तो म्हणाला, "भाऊजी, इचं दूध किती?" त्या दिवशी सर्वांत जास्त भाऊच हसले. तो कागद सरांनी ऑफिसात लावला आणि इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबाने तो पहिलीच्या मुलाचा समजून शाबासकी दिली.

वर्षं अशी गेली. जुनी पोरं जायची, नवी यायची, मामा हे नाव मात्र जुन्यांकडून नव्यांकडे जायचं. म्हातारीची आणि वाघाची कथा दरवर्षी व्हायची, कारण नवी पोरं ती मागायची. ती मोठी होती, तीन संध्याकाळी चालायची. मध्ये थांबायचं तर भाऊ कसं थांबायचं ते ठरवून थांबायचे, म्हातारी झोपली किंवा वाघ पाण्यावर गेला असं काहीतरी. भर रंगात कथा तोडायची नाही. "अर्धी कथा कोनाच्या घरी ठेवू नाई," म्हणायचे. "ज्याच्या घरी ठेवली तिथं थे भांडे वाजवते."

मग एका वर्षी ते आले तर बिडी डाव्या कानावर. मी विचारलं, "काऊन जी, बाजू बदलवली?" त्यांनी मान वळवून डावा कान माझ्याकडे केला. मी पुन्हा विचारलं तर म्हणाले, "इकडचा कान अजून कामाचा हाये, थो बिडी बी सांभाळते. तिकडचा त बिडी बी पाडते."

मी ते थट्टेवारी नेलं. संध्याकाळी समजलं. मी हूं म्हटलं आणि भाऊ थांबूनच राहिले. मी मोठ्याने म्हटलं. तरी थांबून. मग म्हणाले, "बाई, आज मुक्यानं काऊन?" पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी ओसरीत येऊन त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून ओरडले, "हूं!" ते दचकले. "रागावू नका बाई. भात निवला असन त जेवून घेऊ."

दुसऱ्या दिवशी मी डोकं चालवलं. हूंच्या जागी पळीने भाताच्या गंजाचं झाकण वाजवलं. आवाज त्यांना पोहोचला, पण सगळी पोरं ताटं घेऊन उठली. भाऊ म्हणाले, "हे हूं नाई बाई. हे जेवनाची घंटी हाये."

हसलो सगळे. पण मी त्यांचं तोंड पाहिलं होतं. त्या माणसाला दुसरं काही येत नव्हतं असं नाही, शेती होती, मुलगा करत होता. पण गावात आता त्यांना कोणी कथा विचारत नव्हतं. घरोघरी रेडिओ आला होता, मोहाडीला व्हिडिओ लागत होता. वर्षातला हा आठवडा, आमची ओसरी, एवढ्याच जागी त्यांना हूं मिळत होता. तो ऐकू आला नाही तर ते येणार नाहीत, हे मला तिथेच समजलं. मला वाईट वगैरे वाटलं नाही. चीड आली. चांगला चालता माणूस कानामुळे बसवायचा म्हणजे काय?

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी युक्ती काढून आणली. लहानू त्यांना चिकटून बसला आणि ढोलकी त्यांच्या गुडघ्याला टेकवली. पोरं हूं म्हणाली की लहानू बोटाने हलकी थाप द्यायचा. ती गुडघ्यातून भाऊंना समजायची. "कान गेले त गेले," म्हणाले, "टोंगरा त हाये." टोंगरा म्हणजे आमच्याकडे गुडघा. दोन संध्याकाळी इतक्या छान झाल्या, की मीही तांदळाचं सूप खाली ठेवून बसले.

तिसऱ्या संध्याकाळी गावात कोणत्या तरी मैदानावर व्हिडिओवर सिनेमा होता. पोरं हळूहळू सटकायला लागली. एक लघवीला म्हणून गेला, दोन पाणी प्यायला गेले. भाऊंचे डोळे मिटलेले, ते कथा सांगताना नेहमी मिटलेलेच असत. मी आत पिठल्याला फोडणी देत होते. बाहेर वाघ म्हातारीच्या दाराशी आला होता, एक पंजा उंबऱ्यावर ठेवत होता. लहानूची थाप बरोबर पडत होती. कथा चालली होती.

मग आवाज थांबला म्हणून मी बाहेर आले. भाऊंनी डोळे उघडले होते. ओसरीत शाळेतली एक मुलगी होती, कुंदा, पवनीकडची, आणि एक कुत्रं. बाकी सतरंज्या. लहानूचं बोट अजून ढोलकीवर होतं. त्याने सवयीने आणखी एक थाप दिली.

भाऊंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. "कवाचा खोटा हूं देऊन राहिला तू?"

लहानू खाली पाहून म्हणाला, "भाऊजी, तुमी रंगात होते."

त्यांना ते ऐकू गेलं नसेल, पण समजलं. ओरडले नाहीत. दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला. बिडी काढली, पेटवली नाही, पुन्हा कानावर ठेवली. ताटावर बसले, "लहानू उपाशी हाये" म्हटलं नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने दोघे निघून गेले. वाघ माझ्या दारात, एक पंजा उंबऱ्यावर ठेवून.

सरांनी पोरांना फार झापलं. उपयोग काय. पुढच्या हिवाळ्यात निरोप पाठवला तर मुलाचा उलट निरोप आला, बाबांना आता जमत नाही. त्या वर्षी कोणी भजनवाले आले होते. छान गायचे. मी पोळ्या लाटत होते आणि कोणी गाणं थांबवलं की माझ्या तोंडातून हूं निघून जायचा. स्वयंपाकघरात भांडी वाजायची. मांजरच असणार, पण मांजराला मी कधी वाजवताना धरलं नाही.

माझी बहीण मोहाडीजवळ दिलेली. त्या उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्याकडे गेले होते तर बाजाराच्या दिवशी तिच्याबरोबर मोहाडीला गेले. मिरचीच्या ढिगांच्या पलीकडे झाडाखाली बकारामभाऊ बसलेले. समोर वांगी मांडलेली, लहानू तोलून राहिला. भाऊ कोणाकडेच पाहत नव्हते.

मी पुढे उभी राहिले. "काय जी भाऊ!" त्यांनी वर पाहिलं, ओळखलं, उठून उभे राहिले. "बाई! कुठं इकडं?"

मी म्हटलं, "माह्या दारात वाघ उभा करून आले तुमी. काढा त्याले."

"काय?"

"वाघ! वाघ!"

"वांगे? घ्या ना. ताजे हायेत."

लहानू त्यांना सांगायला पुढे झाला. मी म्हटलं, तू चूप, तुझ्याच थापेने झालं हे. मग मी जे केलं ते माझी बहीण मरेपर्यंत सांगत होती. पिशवी खाली ठेवली, मान खाली घातली, खांदे वर केले आणि मोहाडीच्या भर बाजारात वाघासारखी चार पावलं चालले. मग एक हात पंजा करून वांग्यांच्या पोत्यावर ठेवला आणि तसाच ठेवून त्यांच्याकडे तिरपं पाहत उभी राहिले. मिरचीवाल्या बाया उठून उभ्या राहिल्या. बहीण म्हणाली, "अवो बाई, काय करून राहिली!" मी हलले नाही. थांबलेला वाघ आहे, हलणार कसा?

भाऊंनी एक क्षण पाहिलं आणि असे हसायला लागले, की त्यांची बिडी खाली पडली. म्हणाले, "मान आनखी खाली पाहिजे बाई. तुमी वसुलीले आल्यासारख्या आल्या." मग डोळे पुसून म्हणाले, "येतो. पन हूं कोन देईन?"

ते मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "येऊन त पाहा." त्यांना शब्द समजले की नाही कोण जाणे, पण मान हलवली.

हिवाळ्यात आले. कुंदाचं शेवटचं वर्ष होतं. सर, पोरं, सगळे दिवाबत्तीला ओसरीत हजर. कोणी सटकू नये म्हणून सर दाराशीच बसले. लहानू ढोलकी गुडघ्याला टेकवायला गेला तर भाऊंनी ती उचलून बाजूला ठेवली. डोळे उघडेच ठेवले. "आयका जी" म्हणून बोट वर केलं आणि पोरांच्या तोंडाकडे पाहायला लागले. कंदिलाचा उजेड, पोरं शालीत गुरफटलेली, तोंडं कुठली दिसतात? सगळे हूं म्हणाले, जोरात म्हणाले. भाऊ एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिले. मला पाहावेना. मी उठायला लागले, म्हटलं जेवायलाच वाढावं.

तेवढ्यात त्यांची नजर कुंदावर गेली. ती ओढणीखाली गुडघ्यावर वही धरून काहीतरी काढत होती. मामांचा नियम तिला माहीत होता. तिने वही झाकली.

"काय करून राहिली व?"

तिने भीत भीत वही वर धरली. वाघाचा पंजा होता. उंबऱ्यावर ठेवलेला, दोन वर्षांपूर्वी जिथे राहिला होता तिथलाच.

भाऊ पाहत राहिले. म्हणाले, "थांबू नको. काढ." तिने पेन्सिल टेकवली. भाऊंनी कथेचं एक वाक्य टाकलं आणि पेन्सिलीकडे पाहिलं. पेन्सिल चालली. दुसरं वाक्य टाकलं. पेन्सिल चालली. मग त्यांनी सगळ्यांना हात केला. "काढा रे पोट्टेहो. सगळे काढा. तुमची पेन्सिल चालली का मी चालतो. थांबली का वाघ थांबला."

सरांनी कागद आणले, आणखी एक कंदील आणला. भाऊ कधी कोणाची पेन्सिल अडकली तर थांबायचे, तेच वाक्य पुन्हा सांगायचे, हळू. पेन्सिल सुटली की पुढे जायचे. त्यांना ठकवायची सोय नव्हती. मी भात उतरवून ठेवला होता. तो निवला. निवू दिला.

कथेचा शेवट मला पाठ होता. म्हातारी म्हणते, विस्तव देते, पण नेशील कशात? तुझ्याजवळ ना भांडं ना पदर. पानात दिला तर पान जळेल, तोंडात दिला तर जीभ जळेल. वाघ म्हणतो, माय, कुठेही दे, पण दे, मी गारठलो. तेव्हा म्हातारी चुलीतले दोन निखारे उचलते आणि त्याच्या डोळ्यांत ठेवते. म्हणून अंधारात वाघाचे डोळे पेटलेले दिसतात. तो अजून कोणाचं तरी घर शोधत हिंडतो, विस्तव परत करायला.

भाऊंनी बोट खाली घेतलं. कंदिलाजवळ येऊन एकेकाचा कागद पाहिला. कुंदाच्या कागदाशी थांबले. वाघ सगळा काळा, मान अगदी खाली. "डोये कुठं हायेत?" त्यांनी विचारलं.

ती त्यांना ऐकू जाणार नाही म्हणून बोटाने दाखवायला लागली. तिने दोन जागा तशाच कोऱ्या ठेवल्या होत्या. पेन्सिल लावलीच नव्हती. कागदाचाच पांढरा उजेड.

भाऊ म्हणाले, "हूं."

मग कानावरची बिडी काढून चुलीतल्या निखाऱ्यावर पेटवली आणि मला म्हणाले, "बाई, लहानू उपाशी हाये."

पुढच्या हिवाळ्याच्या आत ते गेले. लहानू एकटा सांगायला आला, चार घास जेवला, पुन्हा आला नाही. शाळाही पुढे दुसरीकडे हलली. कुंदा कुठेशी ड्रॉइंग शिकवायला लागली, असं ऐकलं. या सगळ्याचं मी काही फार मनाला लावून घेतलं नाही. माणूस वय झालं की जातो.

पण मला भाऊ आठवतात ते बसस्टँडवरचे. त्या कथेच्या दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. मी दोघांसाठी भाकरी आणि वांग्याची भाजी बांधून नेली होती, येताना त्यांनीच आणलेली वांगी. लहानूने डबा घेतला आणि लगेच उघडून पाहिला. भाऊ खिडकीशी बसले होते, खूश. बिडी कानावर. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी या." त्यांनी कानाला हात लावला. मी हाताने पुन्हा या, या असं केलं. ते हसले.

ड्रायव्हरने गाडी चालू केली. भाऊ खिडकीतून बाहेर वाकले, उजव्या हाताचं बोट वर केलं आणि काहीतरी बोलले. इंजिनाच्या आवाजात मला अक्षर समजलं नाही. पण ते बोट मी ओळखत होते. ते बोट करून ते थांबले होते आणि माझ्याकडे पाहत होते.

मी मान हलवली, चांगली मोठी, कोणालाही दिसेल अशी. त्यांनी पाहिली आणि बोलायला लागले. गाडी हलली तसे बोलत राहिले, मीही मान हलवत राहिले. हमरस्त्याला लागून गाडी वळली तोवर त्यांचं तोंड चालूच होतं.

गाडी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की ऊन अगदी डोक्यावर आहे.